यमूची गोष्ट, हिरकणीवाडीत

रायगडचा रोपवे जिथून सुरू होतो, तीच हिरकणीवाडी. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरलेल्या गवळणीची आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. काही वर्षांपूर्वी या वाडीतल्या एका ओटीवर मी मात्र दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगत बसलो होतो. हरिभाऊ आपट्यांच्या यमूची.

‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. ही रीत इंग्लंडातली. १८३४च्या कायद्यानंतर गरिबांना ज्या आश्रयगृहांत कोंडत, तिथली उपासमार डिकन्सने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधून अशीच हप्त्याहप्त्याने वाचकांच्या घरात नेली. हरिभाऊंनी इंग्रजी कादंबऱ्या भरपूर वाचलेल्या. पण त्यांनी निवडले ब्राह्मण घरातले माजघर, आणि सारी हकीकत यमूच्याच तोंडून वदवली. बायकोला शिकवणारा नवरा अकाली जातो आणि सासरी तिचे केस बळजबरीने काढतात. कादंबरी चालू असतानाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे वय दहाचे बारा करायचे, एवढ्यावरून पुणे दुभंगले होते!

केशवपनाशी आलो तेव्हा माझाच आवाज कापला. कोपऱ्यात मिश्री लावत बसलेल्या आजींनी विचारले, “मंग तिचा पाट का न्हाय लावला, गुरुजी?”

मी गप्प झालो. इतकी वर्षे ही कादंबरी शिकवली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कुणब्यांत, गवळ्यांत विधवेचा पाट लागे. त्याला पहिल्या लग्नाचा मान नसे, हे खरे, पण बाईचा संसार पुन्हा उभा राही. पुढे आहे ते अधिक बोचणारे. १८५६च्या विधवाविवाह कायद्यात एक कलम होते : पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल. मुंबई हायकोर्टाने पाटाची चाल असलेल्या जातींनाही ते लागू धरले. यमूसारख्यांसाठी उघडलेले दार या बायकांच्या अंगावर आपटले, आणि तेव्हाच्या आपल्या कादंबरीत त्याची दाद लागली नाही.

हे सोपे करून सांगितले. “म्हंजे जमीन गेली,” आजी म्हणाल्या. मग बोटाची मिश्री पुसून माझ्याकडे वळल्या.

“आन् त्या पोरीचं फुडं काय झालं?”