एका मालिकेचें पुनरुज्जीवन

नवी कृति निर्माण करणें कठीण खरें. पण लोकांच्या प्रेमांतली, मध्यें खंड पडलेली कृति पुन्हां चालती करणें त्याहूनहि कठीण. नव्या कृतीस प्रेक्षक मिळवावयाचा असतो. जुनीस दोन प्रकारचे प्रेक्षक एकाच वेळीं संतुष्ट करावे लागतात. एकास सारें आठवत असतें, दुसऱ्यास कांहींच ठाऊक नसतें. या दोघांमध्यें तोल कसा जातो व कसा सांभाळतां येतो, याचें बोधप्रद उदाहरण म्हणजे ‘डॉक्टर हू’ ही इंग्लंडांतील विज्ञानकथेची दूरचित्रवाणी-मालिका होय.

बीबीसीनें ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू केली. पोलिसांच्या टेलिफोनच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानांतून काळांत व अवकाशांत भ्रमण करणारा, ‘डॉक्टर’ एवढ्याच नांवानें ओळखला जाणारा परग्रहावरील प्रवासी हा तिचा नायक. १९६६ सालीं मूळ नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृति ढासळली, तेव्हां चालकांनीं नामी युक्ति योजिली. मरणोन्मुख डॉक्टर कायापालट होऊन नव्या देहानें उठतो असें दाखवून त्यांनीं ती भूमिका पॅट्रिक ट्राउटन यांस दिली. अडचणींतून निघालेली ही कल्पनाच मालिकेचा प्राण ठरली. नट बदलत गेले, डॉक्टर तोच राहिला. पुढें प्रेक्षक घटले, वरिष्ठांची आस्था आटली, आणि डिसेंबर १९८९ मध्यें, सव्वीस हंगामांनंतर, मालिका थांबली.

फिलिप सीगल या अमेरिकेंत काम करणाऱ्या इंग्रज निर्मात्यानें पुष्कळ वर्षें खटपट करून फॉक्स, युनिव्हर्सल व बीबीसी यांस एकत्र आणलें. एक दूरचित्रवाणी-चित्रपट काढावा, आणि तो लोकांस रुचला तर त्यांतून नवी मालिका निघावी, असा बेत होता. आधींच्या एका मसुद्यांत जुना इतिहास बाजूस सारून, डॉक्टर आपल्या हरवलेल्या पित्याच्या शोधार्थ निघतो, अशी निराळीच कथा योजिली होती. ती मागें पडली, व मॅथ्यू जेकब्स यांनीं लिहिलेल्या कथेंत जुनाच धागा पुढें चालविला गेला. चित्रण कॅनडांतील व्हँकूव्हर येथें झालें. कथा मात्र १९९९ सालच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को शहरांत घडते.

खरी मेख येथेंच आहे. चित्रपट सुरू होतांच निवेदन ऐकूं येतें कीं, मास्टर नांवाच्या शत्रूस डालेकांनीं देहान्त शासन दिलें असून त्याचे अवशेष घेऊन डॉक्टर स्वग्रहीं निघाला आहे. मास्टर कोण, डालेक कोण, हें नवख्या अमेरिकन प्रेक्षकास कोठून कळावें? इतक्यांत सिल्व्हेस्टर मॅकॉय यांचा जुना डॉक्टर गोळीबारांत सांपडतो. त्यास दोन हृदयें आहेत हें शल्यविशारदांच्या ध्यानीं येत नाहीं, आणि तो मरतो. शवागारांतून पॉल मॅकगॅन यांचा नवा डॉक्टर उठतो, तों त्यास स्वतःचें नांवहि आठवत नाहीं. म्हणजे प्रेक्षकानें ज्यास ओळखावयाचें, तोच स्वतःस ओळखीत नाहीं! कीर्तनकारानें पूर्वरंगांतच सारी वंशावळ म्हणून दाखवावी, तसा हा प्रकार झाला. गंमत अशी कीं, जुन्या चाहत्यांची इतकी मनधरणी करूनहि ते पुरते प्रसन्न झाले नाहींत. डॉक्टरची माता मानव होती हा नवा शोध आणि त्यानें घेतलेलें नायिकेचें चुंबन, या दोन गोष्टी अनेकांस खटकल्या.

१४ मे १९९६ रोजीं फॉक्सनें चित्रपट दाखविला. त्याच वेळीं दुसऱ्या वाहिनीवर ‘रोझॅन’ ही लोकप्रिय मालिका चालू होती. अमेरिकेंत सुमारें ५५ लक्ष प्रेक्षक लाभले. २७ मे रोजीं ब्रिटनमध्यें ९० लक्षांहून अधिक. परंतु पुढील मालिकेचें भवितव्य अमेरिकेंतील आंकड्यावर अवलंबून होतें. ती निघाली नाहीं.

रसेल टी. डेव्हिस यांनीं २६ मार्च २००५ रोजीं मालिका पुन्हां सुरू केली, तेव्हां नेमका उलट क्रम धरला. त्यांचा आरंभ लंडनमधील दुकानांत काम करणाऱ्या रोझ या साध्या मुलीपासून होतो. क्रिस्टोफर एकल्स्टन यांचा डॉक्टर आयताच, कायापालट झालेला, तिच्यापुढें येतो. ती त्यास विचारते, आणि तिच्याबरोबर आपणहि ऐकतों. डालेक सहाव्या भागांत येतो, आणि कायापालट थेट हंगामाच्या अखेरीस, डॉक्टरविषयीं जिव्हाळा उत्पन्न झाल्यावर. मृत्यूचें दुःख ओळखीनंतरच होतें, हा साधा नियम १९९६ च्या चित्रपटानें विसरला होता.

मग तो चित्रपट व्यर्थ म्हणावा काय? मला तसें वाटत नाहीं. इतिहास पुसणारा मसुदा पत्करला असता, तर नांव तेंच राहून डॉक्टर दुसराच झाला असता. सीगल यांनीं धागा तोडला नाहीं, म्हणूनच मॅकगॅन हे आठवे ठरले व एकल्स्टन नववे. एका चित्रपटापुरत्या दिसलेल्या या आठव्या डॉक्टरचीं ध्वनिनाट्यें २००१ पासून निघूं लागलीं, आणि २०१३ सालीं एका छोट्या भागांत त्याचा कायापालटहि प्रेक्षकांनीं पाहिला. सतरा वर्षांनीं कां होईना, त्यास रीतसर निरोप मिळाला.

वारसा जपणें आणि वारशाचें प्रदर्शन मांडणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवांचून पुनरुज्जीवन हें केवळ नांवाचा व्यापार होतें; दुसरीमुळें नवा पाहुणा उंबरठ्यावरूनच परत फिरतो. १९९६ च्या कर्त्यांनीं पहिलें कर्तव्य निष्ठेनें पाळलें व दुसरा मोह त्यांस आवरला नाहीं. त्यांच्या निष्ठेचें फळ मात्र पुढच्यांच्या पदरीं पडलें, आणि तें त्यांनीं सांभाळलें, हें त्या मालिकेचें भाग्यच म्हटलें पाहिजे.