दीपगृह हलवलं, मग ते जपलं का?

जतन म्हणजे वस्तू आहे तिथे, आहे तशी ठेवणं, असं आपण धरून चालतो. केप हॅटरसचं दीपगृह बघितलं की ही समजूत तपासावी लागते.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात, वाळूच्या एका अरुंद बेटावर, सुमारे ६० मीटर उंचीचा हा विटांचा मनोरा १८७० साली उभा राहिला. तेव्हा समुद्र दीड हजार फूट दूर होता. पण अशी बेटं मुळात सरकतीच असतात. पाणी पायथ्याशी आलं, तसा १९३६ मध्ये दिवा आतल्या एका पोलादी मनोऱ्यावर नेला. १९५० मध्ये तो परत आला. पुढे बांध घातले, वाळूच्या पिशव्या रचल्या. समुद्र काही थांबला नाही.

मनोराच मागे न्यावा, असं तज्ज्ञांच्या समितीने १९८८ मध्ये सुचवलं. स्थानिकांपैकी अनेकांचा विरोध होता. वाटेत कोसळला तर? त्यापेक्षा आणखी एक बांध घाला, असं ते म्हणत. भीती अगदीच खोटी नव्हती. वजन सुमारे ४,४०० टन होतं. शेवटी १९९९ मध्ये मनोरा पायापासून वेगळा केला, जॅकवर उचलला आणि रुळांवरून २३ दिवसांत २,९०० फूट सरकवला. रखवालदारांची घरंही हलवली, आणि त्यांची आपसातली अंतरं, दिशा जपल्या.

आता प्रश्न असा, की हे तेच दीपगृह का? मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? तसंच बघा. जुना पाया मागे राहिला, जमीन बदलली. पण समुद्रापासूनचं अंतर पुन्हा सोळाशे फुटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १८७० इतकं झालं. दीपगृहाला अर्थ येतो तो समुद्राशी असलेल्या नात्यामुळे. ते नातं राखायला जागा सोडावी लागली, असं आम्हाला वाटतं.

व्यवस्थाही लक्षात घ्या. मनोरा राष्ट्रीय उद्यान सेवेकडे, दिवा तटरक्षक दलाकडे. म्हणजे वारसा आणि वापर, दोघांनाही धनी आहे.

आपल्याकडे १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला. त्यात वारसा दीपगृहं घोषित करण्याची तरतूद आहे. घोषणा होईल हो. पण त्याआधी प्रत्येक दीपगृहापाशी उभं राहून आपण ठरवायला हवं, की यातलं नेमकं काय जपायचंय?