वृषणार्बुदे, बालवयातील सौम्य

वृषणार्बुदे, बालवयातील सौम्य : यौवनारंभापूर्वी मुलांच्या वृषणात होणाऱ्या व शरीरात अन्यत्र न पसरणाऱ्या गाठी. त्या विरळाच आढळतात. तथापि त्यांच्या उपचाराचा इतिहास उद्‌बोधक आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धी या रोगाचे सात प्रकार सांगितले असून त्यांपैकी मूत्रवृद्धी आजच्या जलवृषणाशी जुळते. मुष्कातील वेदनारहित सूज अजूनही पुष्कळदा जलवृषणच समजली जाते आणि घन गाठीचे निदान लांबते.

प्रौढांतील वृषणार्बुदे बहुधा मारक असतात. विसाव्या शतकात हाच अनुभव मुलांनाही लावण्यात आला आणि घन गाठ आढळताच संपूर्ण वृषण काढण्याची रीत रूढ झाली. अमेरिकेत १९८० मध्ये अशा बालरुग्णांची नोंदवही सुरू झाली. तिच्या २००२ मधील अहवालात ३९५ रुग्णांपैकी ६२ टक्क्यांत पीतककोशाचे मारक अर्बुद होते. उलट २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार रुग्णालयांतील ९८ मुलांच्या पाहणीत ७४ टक्के गाठी सौम्य ठरल्या. त्यांत टेराटोमा सर्वाधिक होते. सौम्य गाठी नोंदवहीकडे फारशा कळविल्या जात नसाव्यात, असा या तफावतीचा अर्थ लावण्यात आला.

आल्फा-फीटोप्रोटीन या रक्तातील प्रथिनाचा कर्करोगाशी असलेला संबंध आबेलेव्ह यांनी १९६३ मध्ये उंदरांत व तातारिनोव्ह यांनी १९६४ मध्ये मानवात दाखविला. पीतककोशाच्या अर्बुदात त्याचे प्रमाण वाढते; परंतु जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते निसर्गतःच अधिक असल्याने केवळ त्यावरून निर्णय करता येत नाही. श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने गाठ सौम्य वाटल्यास जांघेतून छेद घेऊन वृषणाचा रक्तपुरवठा तात्पुरता थांबवितात, गाठ काढून तिच्या गोठविलेल्या छेदाची तत्काळ सूक्ष्मदर्शकीय तपासणी करतात आणि ती सौम्य ठरल्यास उरलेले वृषण राखतात. मुष्कातून सुई घालून नमुना घेणे टाळतात.

महाराष्ट्रात मुंबईचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये, तर औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. पैठण तालुक्यातील चितेगावसारख्या गावातील मुलाचे वृषण वाचणे हे मात्र शस्त्रक्रियेइतकेच, घरच्यांनी संकोच न बाळगता सूज वेळीच दाखविण्यावर अवलंबून असते.