कराची ते जुहू : अंतर तेच, वाट मात्र लांबली

मंडळी, नकाशावर फूटपट्टी ठेवून बघा. कराची ते मुंबई हवाई अंतर भरतं साधारण ८७५ किलोमीटर. म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. आजच्या जेट विमानाला दीड तास पुरे.

याच वाटेवर आपल्या देशातली नियमित विमानसेवा जन्माला आली. १५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून इंपिरियल एअरवेजने आणलेली डाक कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावर उतरली होती. ती घेऊन २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा एकटेच 'पुस मॉथ' या एका इंजिनाच्या विमानातून सकाळी साडेसहाच्या सुमारास निघाले. मध्ये अहमदाबादला थांबले. तिथे विमानासाठी पेट्रोलचे डबे आले चक्क बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. एकूण सव्वासात तास. पुढे नेव्हिल विन्सेंट ती डाक घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून तेव्हा विमानं पुण्याला येरवड्यात उतरवावी लागत.

तेव्हा हा परदेश प्रवास नव्हता. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली जुनी एन. जे. व्ही. शाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते नारायण जगन्नाथ वैद्य मराठी शिक्षणाधिकारी होते.

मग फाळणी झाली, युद्धं झाली. १९७१ ला तुटलेली हवाई वाहतूक १९७६ ला सुरू झाली. २००२ च्या सुरुवातीला पुन्हा बंद, २००४ ला पुन्हा सुरू. मधल्या काळात, १९८२ साली, ७८ वर्षांच्या जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराची-मुंबई हाच प्रवास पुन्हा करून दाखवला. म्हणजे तेव्हा निदान तेवढी परवानगी तरी मिळत होती.

आज? थेट विमान नाही. एप्रिल २०२५ पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना हवाई हद्दही बंद केली. दुबईमार्गे गेलात तर ८७५ चे तीन हजारांवर किलोमीटर होतात. त्यात दुबईत ताटकळणं आलंच. व्हिसा मिळणं तर त्याहून अवघड.

याची झळ कुणाला बसते? ज्यांनी कधी विमानाचं तिकीट काढलं नाही त्यांनाही. आपल्या पालघरचे खलाशी सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात जातात. सुटका झाली तरी आधी लाहोर, मग वाघा, अमृतसर आणि तिथून रेल्वेने घर. ज्या किनाऱ्यावरून ते होडी घेऊन निघाले, तिथे परतायला अर्धा उपखंड फिरून यायचं.

सुरक्षेचे प्रश्न खरे आहेत, ते कुणी नाकारत नाही. पण विमानं पाचपट वेगवान झाली आणि १९३२ चे सव्वासात तासही आज आपल्याला परवडत नाहीत, याचा हिशोब कधीतरी मांडायलाच हवा.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या कराचीच्या आठवणी, पत्रं, फोटो असतील तर कमेंटमध्ये जरूर लिहा.