आर्विदास साबोनिस: कौनास ते पोर्टलंड

आर्विदास साबोनिसचा जन्म १९६४ साली कौनास शहरात झाला. तेव्हा लिथुआनिया सोव्हिएत संघात होता. कौनासचे बास्केटबॉलवेड मात्र त्याहून जुने. १९३९ ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा याच शहरात भरली आणि स्वतंत्र लिथुआनियाने ती जिंकली. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने देश गिळंकृत केला. म्हणूनच १९८५ पासून सलग तीन वर्षे कौनासच्या झाल्गिरिस क्लबने मॉस्कोच्या लष्करी संघाला मागे टाकून सोव्हिएत विजेतेपद पटकावले, तेव्हा लिथुआनियन माणसाला त्यात आपल्या देशाचा विजय दिसला.

त्या संघाचा आधारस्तंभ होता साबोनिस. उंची २२१ सेंटिमीटर. एवढे उंच सेंटर सहसा बास्केटखाली ठाण मांडून रिबाउंड घेतात. साबोनिस मैदानभर धावायचा, लांबून बास्केट करायचा आणि सहकाऱ्याकडे न पाहता अचूक पास द्यायचा. पोर्टलंड संघाने १९८६ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये त्याची निवड केली, पण सोव्हिएत सरकारने त्याला जाऊ दिले नाही. त्याच सुमारास टाचेमागचा अकिलिस टेंडन तुटला आणि बरा होतो न होतो तोच पुन्हा तुटला. १९८८ मध्ये तो पोर्टलंडला पोहोचला खरा, पण केवळ उपचारांसाठी. त्याच वर्षी सोल ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला ८२-७६ असे हरवले आणि पुढे सुवर्णपदकही जिंकले. त्या संघात चार लिथुआनियन होते.

१९८९ मध्ये परदेशी खेळण्याची वाट मोकळी झाली. साबोनिसने स्पेन निवडला. एनबीएच्या ८२ सामन्यांच्या हंगामापेक्षा तिथला हंगाम दुखऱ्या पायांना सोसणारा होता. तीन हंगाम तो वायादोलिदकडून खेळला, तीन रिआल माद्रिदकडून. माद्रिदसाठी त्याने १९९३ व १९९४ ची स्पॅनिश लीग आणि १९९५ चा युरोपीय चषक जिंकला. मधल्या काळात, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये, स्वतंत्र लिथुआनियाने माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या एकत्रित संघाला ८२-७८ असे नमवून कांस्यपदक घेतले.

निवडीनंतर नऊ वर्षांनी, तिशी गाठल्यावर, तो पोर्टलंडकडून उतरला. धाव आणि उडी गेली होती. नजर आणि हात शाबूत होते. पहिल्याच हंगामात, सामन्यामागे जेमतेम २४ मिनिटे खेळून, त्याने सरासरी १४.५ गुण आणि ८.१ रिबाउंड मिळवले. विशीतला साबोनिस अमेरिकेच्या लीगला पाहायला मिळाला नाही, हे त्या खेळाचे मोठे नुकसान होय.

२००१ मध्ये तो कौनासला परतला, एका हंगामासाठी पुन्हा पोर्टलंडला गेला आणि २००३-०४ मध्ये झाल्गिरिसकडून शेवटचा हंगाम खेळला. त्या हंगामात, एकोणचाळिसाव्या वर्षी, युरोलीगच्या साखळी फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. २०११ मध्ये अमेरिकेतील नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.