‘सीटी कशासाठी?’

अनावश्यक सीटी-एमआरआयला आळा घालणाऱ्या संगणकाचं मूळ एक्स-रे विभागात सापडत नाही. ते सापडतं इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेत. तिथे १९७२च्या सुमारास क्लेमेंट मॅकडॉनल्ड या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवायला घेतल्या. १९७६मध्ये त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाने आठवण करून दिली, तर डॉक्टर ५१ टक्के प्रसंगी लक्ष घालत. एरवी २२ टक्के. डॉक्टरांना ठाऊक नसतं असं नाही, पण गर्दीत माणसाचं लक्ष पुरत नाही, असं मॅकडॉनल्ड यांचं म्हणणं होतं. याच संस्थेने १९९०मध्ये दाखवलं, की तपासणी लिहिताना पडद्यावर तिचे दर दिसले तर तपासण्या सुमारे १४ टक्क्यांनी घटतात. दर दाखवणं बंद केलं आणि परिणामही ओसरला.

दुसरा धागा रेडिओलॉजिस्टांचा. १९७१मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी झाला आणि पुढच्या तीस वर्षांत हे यंत्र अमेरिकेत जवळपास प्रत्येक इस्पितळात पोचलं. कोणत्या तक्रारीला कोणतं स्कॅन योग्य, याला १ ते ९ गुण देण्याचं काम तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने १९९३मध्ये हाती घेतलं. याद्या उत्तम होत्या. पण ओपीडीत पेशंट समोर बसलेला असताना त्या चाळणार कोण?

हे दोन धागे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात जुळले. २००४पासून तिथे संगणकावर स्कॅन मागवताना कारण निवडावं लागे आणि लगेच गुण दिसत: हिरवा, पिवळा, लाल. ओपीडीतल्या सीटींची वार्षिक वाढ १२ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली. (वाढ जवळपास थांबली; आधीच झालेल्या सीटींमध्ये गरजेचे किती होते, हा वेगळाच हिशेब.) पण मला या कथेत खरा रस वाटतो तो त्यानंतरच्या छोट्याशा दुरुस्तीत. पुष्कळदा स्कॅनची मागणी डॉक्टर स्वतः भरत नसत; त्यांचे मदतनीस भरत. लाल गुण त्यांनाच दिसायचा आणि ते बिचारे पुढे जायचे. मग इस्पितळाने नियम केला: कमी गुणांची मागणी मदतनिसाला पूर्ण करता येणार नाही, डॉक्टरांनी स्वतः लॉगिन करावं. अशा मागण्या ५.४ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर उतरल्या. डॉक्टरांना मनाई नव्हती, फक्त उठून यावं लागत होतं. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसनने आणखी कडक पाऊल उचललं: ठरलेल्या कारणांत न बसणारी मागणी संगणक घेईनाच. कंबरेच्या एमआरआयचं प्रमाण तिथे सुमारे २३ टक्क्यांनी घटलं.

नुसती नोंद मात्र कुणाला अडवत नाही. जुने रिपोर्ट एका बटणावर दिसू लागले की पुन्हा-पुन्हा होणारी स्कॅन कमी होतील, अशी आशा आपल्याकडेही ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाभोवती आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या २०१२मधल्या एका अभ्यासात उलटंच दिसलं. ज्यांना जुनी स्कॅन संगणकावर पाहता येत, ते डॉक्टर १८ टक्के भेटींत नवं स्कॅन लिहीत; इतर १२.९ टक्के भेटींत. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, त्यावर तेव्हा वादही झाला; पण नोंद आणि अडवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यातून पटतं.

अमेरिकन संसदेने २०१४मध्ये कायदाच केला: मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातल्या रुग्णाला सीटी-एमआरआय लिहिण्याआधी संगणकाचा सल्ला बघितलाच पाहिजे. सरकारच्याच पथदर्शी प्रकल्पात संगणकाला सुमारे दोन-तृतीयांश मागण्यांसाठी लागू पडणारा निकषच सापडला नव्हता, तरीही. तारखा पुढे-पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२४च्या सुरुवातीला नियम मागे घेतले गेले. या कायद्यापायी एकाही स्कॅनचं बिल अडलं नाही.