कालचा भाव आणि आजचा निर्णय : १८६५ च्या मुंबईतून शिकण्यासारखं



आज अर्थशास्त्रावर बोलायचं आहे, आणि मी माणूस तत्त्वज्ञानाचा. पण पैशाचा निर्णय घेतो ते मन, आणि मनाशी आमचा जुना परिचय आहे. तेव्हा सुरुवात आपल्या घरातूनच करू.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला, हे तुम्हाला आठवत असेल. पुढच्या हंगामात व्यापारी आठ हजार म्हणाला, तर आपल्यापैकी अनेकांनी माल दिला नाही. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ६,३८० रुपये होता. म्हणजे आठ हजार त्याहून बरेच वर. पण मनात दहा हजार बसले होते. आठ हजार हा आपल्याला भाव वाटलाच नाही, दोन हजारांचा तोटा वाटला. कापूस घरात राहिला, आणि उन्हाळ्यापर्यंत भाव आणखी उतरला.

याला अडाणीपणा म्हणू नका. शिकलेले, इंग्रजी जाणणारे, कोट्यधीश लोकसुद्धा अगदी असेच वागले आहेत. तेही कापसावरूनच. ती गोष्ट मुंबईची.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून येत असे. दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली आणि तो थांबला. मग सगळी नजर वळली हिंदुस्थानाकडे : गुजरात, खानदेश, आणि आपल्या पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड. भाव दुपटीच्या वर गेले. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईला कापसातून नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जास्त मिळाले, असा हिशेब पुढे मांडला गेला.

एवढा पैसा हातात आल्यावर तो ठेवायचा कुठे? रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. सगळ्यांत गाजली ती समुद्र भरून जमीन काढणारी बॅक बे कंपनी. पाच हजार रुपये भरलेल्या शेअरला पन्नास हजारांच्या आसपास भाव आला. अजून जमीन वर आलेली नव्हती, समुद्र जागच्या जागी होता, पण शेअर आकाशात! शेअर-दलालांची संख्या साठेकवरून दोन-अडीचशेवर गेली.

लोकांना काय झालं होतं? सगळे लोभी होते, असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. लोभ तर १८५० सालीही होता. नवीन काय होतं, तर शेजारी. शेजाऱ्याने महिन्यात पैसे दुप्पट केलेले डोळ्यांनी दिसत होते. कंपनीचा हिशेब कोणी पाहिला नव्हता, शेजाऱ्याची घोडागाडी सगळ्यांनी पाहिली होती. माणूस हिशेबापेक्षा घोडागाडीवर लवकर विश्वास ठेवतो.

आता कारभाऱ्यांकडे येऊ. या काळाचा नायक प्रेमचंद रायचंद. हुशार माणूस, कापसाची आणि शेअरची नाडी ओळखणारा. त्याचा शब्द म्हणजे बाजार. बँक ऑफ बॉम्बे ही निमसरकारी, जुनी, सावध बँक. पण १८६३ च्या कायद्याने तिला शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची मुभा मिळाली, आणि प्रेमचंदच्या शब्दावर कर्जं सुटू लागली. भाव चढतोय म्हणून तारण भक्कम दिसतं, तारण भक्कम म्हणून कर्ज मिळतं, कर्ज मिळतं म्हणून भाव चढतो. या चक्रात बसलेल्या कारभाऱ्याला काय वाटतं? आपला अंदाज दरवेळी बरोबर येतोय. पूर आला की सगळ्याच होड्या वर उचलल्या जातात. नावाड्याला मात्र ते आपलं कसब वाटतं. १९८६ साली रिचर्ड रोल या अर्थशास्त्रज्ञाने, कंपन्यांचे प्रमुख दुसऱ्या कंपन्या अवाच्या सवा किमतीला का विकत घेतात, याचं एक कारण हाच अहंकार असल्याचं मांडलं.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत सेनापती ली शरण आला. बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकवायचे होते. त्या दिवशी घेणं-देणं अनेकांना पुरं करता आलं नाही. प्रेमचंदचंही दिवाळं निघालं. बँक ऑफ बॉम्बेचं बहुतेक सगळं भांडवल बुडालं, १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि चौकशी आयोग बसला. प्रेमचंद पुढे सावरला. त्याच्या देणगीतून उभा राहिलेला, त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठात आहे.

पण सावरणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. तेजीच्या काळात पुणे-नगरकडच्या शेतकऱ्याला सावकार सढळ हाताने कर्ज देत होता. भाव पडले, सावकाराने हात आखडला, त्यात सरकारने साराही वाढवला. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यात सुप्याला लोकांनी सावकारांचे खतांचे कागद जाळले. ते दख्खनचे दंगे. ज्याने बॅक बेचा शेअर कधी पाहिला नव्हता, त्याच्याही दारापर्यंत ही झळ आली.

१९७९ साली डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी दाखवलं की माणूस आपल्याजवळ एकूण किती आहे ते मोजत नाही. एका ठरलेल्या खुणेपासून किती वर, किती खाली, हे मोजतो. आणि शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख मोठं. आणि तोट्यातला माणूस सावध होत नाही, उलट जास्त धोका पत्करतो. काहनमनला २००२ मध्ये यासाठी नोबेल मिळालं. आपल्याला हे सभापर्वातून आधीच ठाऊक असायला हवं होतं. युधिष्ठिर हरत गेला तसा पण वाढवत गेला. धर्मराज होता तो!

मीही सुटलेलो नाही. निवृत्तीच्या पैशातून एका कंपनीचे शेअर घेतले होते. भाव निम्म्यावर आला तरी विकले नाहीत, म्हटलं मुद्दल निघू दे. आयुष्यभर वर्गात विवेक शिकवला आणि त्या शेअरने काय भावाला घेतलं ते काही विसरता येईना. शेअरला ते ठाऊकही नव्हतं.

आज आपली मुलं मोबाईलवर ऑप्शनचे सौदे करतात. सेबीच्याच पाहणीत आढळलं की अशा सौद्यांत दहापैकी नऊ जण तोट्यात जातात. तरी प्रत्येकाला वाटतं, दहावा मी.

उपाय एकच सांगतो, आणि तो साधा आहे. माल असो की शेअर, थांबण्याआधी स्वतःला विचारा : आज हा माझ्याकडे नसता आणि हातात रोख असती, तर या भावाने मी तो विकत घेतला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल थांबा. ‘नाही’ असेल, तर तुम्ही मालाला धरून नाही, कालच्या भावाला धरून बसला आहात. आणि कालचा भाव कोणत्याच बाजारात विकला जात नाही.